थायलंडला चाललाय ना? मग जायच्या आधी हे वाचा: सोलापूरकरांसाठी रीतभात, खाणं आणि कायद्याचं गाईड

थायलंडचा घोळ असा आहे की तिथं उतरल्यावर काहीच परकं वाटत नाही. बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टवर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प, देव एका बाजूला, दानव एका बाजूला, मधी वासुकी. लोक हात जोडून नमस्कार करतात, झेंडूच्या माळा विकायला असतात, राजांना राम पहिला, राम दुसरा असं म्हणतात, चौकात ब्रह्मदेवाचं देऊळ, मॉलसमोर गणपती. आपला माणूस म्हणतो, अरे हे तर आपलंच की ओ, आणि तिथंच गाफील होतो. वरून सारख्या दिसणाऱ्या गोष्टींच्या आतल्या रीती वेगळ्या आहेत, आणि एकदोन बाबतीत तर रीत राहू द्या, थेट कायदाच आडवा येतो. सोलापुरातून आता लई लोक जायला लागलेत, कोणी टूरवाल्याबरोबर, कोणी मित्रमित्र मिळून, कोणी मुलगा-सुनेबरोबर, आणि प्रत्येक जण जायच्या आदल्या आठवड्यात तेच तेच विचारतो, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

आधी कागदपत्रं

पासपोर्ट नसेल तर पुण्याला पळायची गरज नाही, सोलापुरातच पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अपॉइंटमेंट मात्र सरकारी पासपोर्ट सेवा साईटवरूनच घ्या. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, त्यावर एजंट जे काय मागेल ते त्याच्या फॉर्म भरण्याचे. पासपोर्ट असेल तर एक्स्पायरी बघा, थायलंडमध्ये पोचायच्या दिवसापासून कमीत कमी सहा महिने शिल्लक पाहिजेत. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच पाहिजे. आपल्याकडं वडिलांचं नाही तर नवऱ्याचं नाव मधी घालायची पद्धत, तिकीट काढणारा कधी घालतो कधी गाळतो, मग एअरपोर्टच्या काउंटरवर रडारड. तिकीट हातात आलं की त्याच दिवशी अक्षर न् अक्षर तपासा.

व्हिसाचं म्हणाल तर जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवसांपर्यंत बिनव्हिसा फिरायची सूट दिली गेली, पण हे नियम सरकार बदलत असतं, म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या साडूच्या शब्दावर जाऊ नका, तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साईटवर बघा. दुसरं म्हणजे १ मे २०२५ पासून टीडीएसी नावाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थाई इमिग्रेशनच्या साईटवर भरायचं आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की ती खोटी समजा आणि बंद करा. घरातल्या प्रत्येकाचं भरायचं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि माणशी पुरेसे पैसे आहेत हे दाखवायची तयारी ठेवा, किती ते दूतावासाच्या साईटवर बघा. दरवेळी विचारतात असं नाही, पण विचारलं आणि नसलं तर तिथून परत पाठवू शकतात.

जायचं कसं तर बहुतेक जण सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी दादरला उतरतात आणि तिथून एअरपोर्ट. मी तरी दुपारनंतरचंच विमान घ्या म्हणेन, गाडी लेट झाली तर जीव टांगणीला नको. हैदराबादवरूनही बँकॉकची विमानं आहेत आणि आपल्याला रस्ता सरळ आहे, भाडं दोन्हीकडचं बघून ठरवा. बँकॉकमध्ये दोन एअरपोर्ट आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, परतीचं विमान कुठून आहे ते तिकिटावर नीट वाचा, एकाऐवजी दुसरीकडं गेलात तर विमान सुटलंच म्हणून समजा.

बॅग भरताना

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, ह्यात काय शंकाच नाही. कडक भाकरी आठवडा काय, त्याहून जास्त टिकते आणि तिला गॅस लागत नाही. चटणी मात्र हँडबॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत टाका, डबल पिशवीत घट्ट बांधून. वाटीचं सुकं खोबरं नेऊ नका, तेलामुळं ते विमानात पेट घेणाऱ्या मालात मोजतात आणि सिक्युरिटीवाले बॅग उघडायला लावतात.

हॉटेलमधलं एक सांगतो. तिथल्या चादरी, टॉवेल सगळं पांढरंशुभ्र असतं आणि आपल्या लोकांना पलंगावर बसून खायची सवय. चटणीचं तेल न् हळदीचा डाग पडला की चेकआउटला चादरीचे पैसे मागतात. खाली टेबलावर पेपर अंथरून खा. खोलीत इंडक्शन लावून खिचडी टाकायची नाही, धुराचा अलार्म वाजला की अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं.

औषधं हा खरा महत्त्वाचा मुद्दा आणि नेमका हाच कोणी सांगत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या बिनधास्त न्या, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पण झोपेच्या गोळ्या, घबराटीच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध, दुखण्यावरची ट्रामाडॉल, सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन, ह्यांच्यावर तिथं कडक नियंत्रण आहे. आपल्याकडं मेडिकलवाला ओळखीनं देतो म्हणून ते साधं औषध होत नाही. ह्यातलं काही रोज लागत असेल तर तिथल्या अन्न व औषध खात्याच्या साईटवर परवानगीचं बघा, इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घ्या, आणि लागतील तेवढ्याच गोळ्या न्या.

व्हेप, म्हणजे ते ई-सिगारेट, घरी ठेवा. थायलंडमध्ये त्याला बंदी आहे, रस्त्यावर विकायला दिसलं तरी बंदीच आहे.

आता पत्ते. मित्रांचा ग्रुप निघाला की रमीचा सेट बॅगेत पडतोच. थायलंडमध्ये जुगाराला कायद्यानं बंदी आहे, आणि १९३५च्या पत्त्यांच्या कायद्यात परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ ठेवायचे नाहीत असं कलम होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये पटायात ब्रिज खेळत बसलेल्या ३२ परदेशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना पोलिसांनी उचललं, त्यात हाच मुद्दा निघाला. तुम्ही हिशोब करा, दोन गड्ड्या जोकर धरून १०८ होतात, तिसरी गड्डी टाकली की १६२. पैसे लावून तर अजिबात खेळू नका, हॉटेलच्या खोलीत दार लावूनसुद्धा नाही.

बाकी बारीकसारीक: आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथं चालतो, जाड तीन पिनांचा चालत नाही. बूट-चप्पल पटकन घालता-काढता येईल असली न्या, दिवसातून दहादा काढावी लागणार आहे. आणि संडासात आपल्यासारखाच जेट स्प्रे असतो, ती काळजी सोडा.

उतरल्यावर

घड्याळ दीड तास पुढं करा. पैसे एअरपोर्टवर उतरल्या उतरल्या दिसणाऱ्या पहिल्या काउंटरवर बदलू नका, तिथं भाव मार खातो. सुवर्णभूमीत तळमजल्याच्याही खाली, एअरपोर्ट रेल लिंकच्या बाजूला जे मनी चेंजर आहेत ते बरा भाव देतात. एटीएममधून काढायचे तर तिथली बँक दरवेळी २२० बाट (बाट म्हणजे त्यांचा रुपया) किंवा त्याहून जास्त फी कापते, म्हणून थोडे थोडे काढू नका, एकदाच काढा. मशीन विचारतं रुपयात बदलून देऊ का, त्याला नाही म्हणायचं, त्या भावात नुकसान असतं.

शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक आहे, शेवटपर्यंत ४५ बाट. सामान जास्त असेल किंवा आईवडील बरोबर असतील तर ग्रॅब हे गाडी बोलवायचं अॅप किंवा मीटरवाली टॅक्सी. मेट्रोत सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी. गाडी आली की आधी उतरणारे उतरू द्यायचे, दाराच्या बाजूला रांग असते, ती मोडायची नाही. आत खायचं नाही, प्यायचं नाही. राखीव सीटवर म्हातारी माणसं, गरोदर बायका ह्यांच्याबरोबर भिक्खूचंही चित्र असतं, ती सीट भिक्खू आले की सोडायची.

सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं. सगळे जिथल्या तिथं थांबतात. तुम्हीपण थांबा, बोलणं बंद, मोबाईल खाली. सिनेमाला गेलात तर सुरुवातीला राजाचं गीत होतं, तेव्हाही उभं राहायचं.

देवळात

इथं मी जरा थांबणार आहे, कारण आपण स्वतःला देवळाचे जाणकार समजतो.

कपडे: खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले, बायकांना न् पुरुषांना दोघांनाही. साडी, पंजाबी ड्रेस, फुल पँट उत्तम. ग्रँड पॅलेस म्हणजे बँकॉकच्या राजवाड्याच्या गेटवर बर्मुडा घालून आलेल्यांना सरळ बाजूला काढतात. तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट, साडेतीनला आत सोडणं बंद होतं, म्हणून सकाळी साडेआठला उघडायच्या सुमारालाच पोचा, ऊनही कमी असतं. आपल्याला ४२-४३ डिग्रीची सवय आहे खरी पण तिथलं ऊन दमट आहे, घाम वाळतच नाही, आपल्या कोरड्या उन्हातला माणूस तिथं लवकर ढेपाळतो.

उंबरा ओलांडून जायचं, त्याच्यावर पाय द्यायचा नाही. हे आपल्यासारखंच. पण मूर्तीसमोर बसायची पद्धत वेगळी. तळपाय बुद्धाकडं येता कामा नये, आणि नुसतं मांडी घालणंही तिथं फारसं अदबीचं धरत नाहीत. गुडघे दुमडून दोन्ही पाय एका बाजूला मागं घेऊन बसायचं, आपल्या बायका पंगतीत एका कडेला पाय घेऊन बसतात साधारण तसं. वाट फ्रा काएव म्हणजे राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात एकदा आपल्याकडचे एक काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बिचारे दमून खाली बसले आणि दोन्ही पाय सरळ मूर्तीच्या दिशेनं लांब केले. गार्ड आला, काही बोलला नाही, नुसता वाकून दोन्ही हातांनी पाय मागं घ्या असं दाखवलं. काका मोठ्यानं म्हणाले, ओ गुडघा, गुडघा! सगळं देऊळ वळून बघायला लागलं. गार्डनं परत तेवढ्याच हळू हाताने तसंच दाखवलं. मग त्यांच्या सुनेनं त्यांना उठवून मागच्या भिंतीकडं उभं केलं, तिथून दर्शन झालं व्यवस्थित. तर ज्यांना पाय दुमडत नाहीत त्यांनी बसायचंच नाही, मागं कडेला उभं राहायचं, कोणी काही म्हणत नाही. आणि त्या देवळाच्या आत फोटो काढायला मनाई आहे, बाहेर आवारात काढा. आवाराच्या ओवऱ्यांमध्ये रामायणाची चित्रं भिंतभर आहेत, त्यांच्याकडं त्याला रामकियेन म्हणतात. हनुमान तिथला वेगळाच आहे, पांढरा, खट्याळ आणि चक्क लग्नंबिग्नं केलेला. आपल्या मारुतीशी तुलना करून तिथं कोणाशी वाद घालू नका, निवांत बघा, वेळ काढून बघा, ग्रुपवाले नुसते सोन्याच्या कळसासमोर फोटो काढून निघतात आणि हे राहून जातं.

बुद्धाच्या मूर्तीकडं पाठ करून सेल्फी, मूर्तीच्या खांद्यावर हात, मांडीवर मूल बसवणं, हे अजिबात नाही. मूर्ती तुटकी असली, उघड्यावर असली, अयुथया ह्या जुन्या राजधानीच्या अवशेषांतली असली तरी नाही. बुद्धाचं चित्र असलेला टी-शर्ट किंवा पायपुसणंही घेऊ नका. मूर्ती विकत घेऊन आणायची तर त्यांच्या ललित कला खात्याचा परवाना लागतो, गळ्यात घालायचं छोटं ताईत चालतं, मोठी मूर्ती एअरपोर्टवर अडते.

भिक्खू दिसले की आपल्या बायका भक्तीनं पाया पडायला पुढं जातात. थांबा. बाईनं भिक्खूला स्पर्श करायचा नाही, हातात हात लागेल असं काही द्यायचंही नाही. दान द्यायचं तर खाली ठेवा, ते समोर कापड पसरतात त्याच्यावर ठेवा, किंवा बरोबरच्या पुरुषाकडून द्या. मेट्रोत, विमानात शेजारी बसायची वेळ आली तर जागा बदलून घ्या. तुम्ही नमस्कार केला आणि भिक्खूंनी उलट हात जोडले नाहीत तर राग मानू नका, ते सामान्य माणसाला परत नमस्कार करत नाहीत.

बँकॉकमधल्या एरावन देवळातला चार तोंडांचा ब्रह्मदेव १९५६ साली बसवलेला आहे, तिथं तुम्ही माळ, उदबत्ती बिनधास्त वाहा, थाई लोकही तेच करतात. नारळ फोडायला दगड शोधू नका मात्र. सिलोम रोडवर तमिळ लोकांनी बांधलेलं मरिअम्मनचं देऊळ आहे, तिथं गेलात तर घरच्यासारखं वाटेल.

माणसांशी वागताना

त्यांचा नमस्कार म्हणजे वाय. लहानानं मोठ्याला आधी करायचा. हॉटेलच्या पोऱ्याला, दुकानातल्या पोरीला, लहान मुलाला तुम्ही आधी हात जोडत बसू नका, त्यांनी केला तर हसून मान डोलवली तरी पुरे. म्हातारं माणूस असेल तर हात जोडा, छान वाटतं त्यांना. बरोबर बोलायचं ते असं: पुरुषानं सवादी खाप, बाईनं सवादी खा. आभाराला खॉप खुन खाप किंवा खा. एवढ्यावर निम्मी कामं होतात.

डोकं सगळ्यात पवित्र, पाय सगळ्यात खालचा. गोड पोरगं दिसलं की आपल्या मावश्या-काकू डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडतात. तिथं परक्या पोराच्या डोक्याला हात लावायचा नाही. पायानं वस्तू सरकवायची नाही, पायानं दार ढकलायचं नाही, समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसायचं नाही, झोपलेल्याला, खाली बसलेल्याला ओलांडून जायचं नाही. घरात, मसाजच्या दुकानात, बऱ्याच छोट्या दुकानांतही चप्पल बाहेर. दाराशी चपलांचा ढीग दिसला की समजून घ्या.

आणि आता आवाज. सोलापुरी माणूस प्रेमानं बोलला तरी शेजारच्याला वाटतं भांडण चाललंय, "काय करलालास बे" हे आपलं लाडाचं वाक्य आहे हे बाहेरच्याला कसं कळणार. थाई लोकांत आवाज चढवणं म्हणजे बोलणाऱ्याचीच लाज जाते. एकदा हॉटेलात खोल्या तयार नव्हत्या, चेक-इन दोनचं आणि ग्रुप अकराला पोचलेला. एक साहेब काउंटरवर हात आपटून मॅनेजरला बोलव म्हणाले. ती पोरगी हसत होती, हसत होती, मग नुसतेच ओठ ताणलेले राहिले, मग "वन मोमेंट" म्हणून जी आत गेली ती आलीच नाही. पाच मिनिटांनी ग्रुपमधल्या एका वहिनींनी दुसऱ्या पोराला हळू आवाजात, हसत, सासूबाईंकडं बोट न दाखवता पूर्ण हात करून, त्यांना बसवत नाहीये एवढं सांगितलं. एक खोली निघाली. ते हसणं म्हणजे होकार नव्हे, हे लक्षात ठेवा. अडचण झाली, लाज वाटली, राग आला तरी ते हसतातच. आणि तोंडावर नाही म्हणत नाहीत, "मेबी" म्हणाले की नाही असं समजून दुसरी सोय बघा.

भाव करा, बाजारात चालतोच, पण नवी पेठेत करतो तसा "चल रे, निम्म्यात दे" असा नाही. हसत, कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवत. त्यानं तुमचा आकडा मान्य केला की मग घ्यायचंच, तिथून पाठ फिरवली की त्याला फार लागतं. मॉलमध्ये भाव नाही.

तिथं तृतीयपंथी लोक दुकानात, बँकेत, हॉटेलात रोजची नोकरी करताना दिसतात. टक लावून बघू नका, एकमेकांना कोपर मारून हसू नका, मराठी कळत नसलं तरी हसणं कळतं. आणि बीचवर बायकांचे चोरून व्हिडिओ काढणारे आपलेच लोक असतात, ग्रुपमध्ये असा कोणी असेल तर तिथल्या तिथं दम द्या, सगळ्यांची पत जाते.

राजाबद्दल तोंड बंद

हे छोटंच आहे पण सगळ्यात कडक. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम ११२ प्रमाणं राजा, राणी, युवराज ह्यांचा अपमान केला तर एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद आहे. परदेशी माणूस म्हणून सूट नाही. राजाच्या फोटोकडं बघून विनोद नाही, व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड नाही, टॅक्सीवाल्याला "तुमचा राजा कसा आहे" असं गप्पा म्हणूनसुद्धा विचारायचं नाही. नोटेवर, नाण्यावर राजाचा फोटो आहे, नाणं घरंगळलं तर पायानं अडवू नका, हातानं उचला.

खाणं

शाकाहारी लोकांनी इथं नीट लक्ष द्या. व्हेज म्हणून सांगितलेल्या भाजीत तुकडा नसेल पण फिश सॉस असतोच असतो, त्याला नाम प्ला म्हणतात. तो त्यांच्या लेखी मिठासारखा. करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट, परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस, सोम तम म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी, पॅड थाय ह्या परतलेल्या नूडल्समध्येही तेच. म्हणून नुसतं "नो चिकन, नो मीट" म्हणून भागत नाही.

उपाय असा. तिथं "जे" नावाचा खाण्याचा प्रकार आहे, चिनी बौद्ध परंपरेतला, त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नाही आणि कांदा-लसूणही नाही. म्हणजे आपल्या जैन मंडळींना हे बऱ्यापैकी सोयीचं, कंदमुळांचं तेवढं विचारून घ्या. पिवळ्या पाटीवर नाही तर झेंड्यावर लाल अक्षरात ते लिहिलेलं असतं, आपल्याला इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं, एकदा डोळ्यात बसलं की गल्लीबोळात दिसायला लागतं, पॅकबंद वस्तूंवरही असतं. "किन जे" म्हणजे मी "जे" प्रकारचं खातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, साधारण आपल्या नवरात्राच्या आगेमागे, नऊ दिवस ह्याचा मोठा सण असतो, फुकेतला तर फारच. तेव्हा गेलात तर खायची चंगळ आहे. एरवी "माय साय नाम प्ला" म्हणजे फिश सॉस घालू नका, "माय साय खाय" म्हणजे अंडं नको. हे थाई लिपीत मोबाईलवर सेव्ह करून दाखवा, आपल्या उच्चारावर विसंबू नका, त्यांच्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो.

मांसाहारी लोकांना काय, मजाच आहे, फक्त पोर्क सगळीकडं आहे, किसलेलं, सूपमध्ये, सॉसेजमध्ये. नको असेल तर आधी विचारा. मुस्लिम मित्रांनी हलालचं चिन्ह बघावं, बँकॉकमध्ये आणि दक्षिणेकडं हलाल हॉटेलं भरपूर आहेत. सेव्हन-इलेव्हन ह्या चौकाचौकातल्या दुकानाचं गरम टोस्ट सगळे खातात, पण पाकिटावर हॅमचं चित्र आहे का बघा. पाकिटावरच्या तारखेत २५६९ असं काही दिसलं तर दचकू नका, त्यांचा सन बुद्धाचा आहे, आपल्या इंग्रजी सनात ५४३ मिळवायचे.

भात चमच्यानं खातात, चमचा उजव्या हातात, डाव्या हातातल्या काट्यानं चमच्यावर ढकलायचं. चॉपस्टिक फक्त नूडल्सला. चिकट भात मात्र हातानंच, गोळा करून. जेवण ताटाताटात वेगळं येत नाही, मधी ठेवून सगळे एकेक चमचा घेतात, एकाच वेळी डोंगर वाढून घेऊ नका. तिखटाचं आपल्याला कौतुक आहे, पण ती बारकी मिरची वेगळीच भानगड आहे, आपल्या चटणीचं तिखट सावकाश चढतं, तिचं एकदम टाळूला लागतं. "माय फेत" म्हणजे तिखट नको, पाठ करून ठेवा, लाज वाटू देऊ नका. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात नक्की खा. रस्त्यावर डाळिंबाचा ज्यूस बाटलीत विकतात, आता सोलापूरच्या माणसानं परदेशात जाऊन डाळिंबाचा ज्यूस विकत घ्यायचा का हे ज्याचं त्यानं ठरवावं. ड्युरियन फळ रस्त्यावरच खा, हॉटेलात आणि मेट्रोत न्यायला बंदी असते, वास जात नाही. अगदीच वरण-भाताची आठवण आली तर बँकॉकच्या पाहुरात भागात गुरुद्वारा आहे, तिथं लंगर असतं आणि आजूबाजूला भारतीय हॉटेलं.

हॉटेलच्या ब्रेकफास्टला पोटभर खा, पण केळी न् ब्रेड पिशवीत भरू नका. बघतात ते, बोलत नाहीत एवढंच.

रस्त्यावर, बीचवर

ग्रँड पॅलेसच्या बाहेर एखादा टापटीप कपड्यातला माणूस गोड बोलून सांगेल की आज बंद आहे, सुट्टी आहे, मी तुम्हाला टुकटुकनं, म्हणजे तिथल्या रिक्षानं, स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो. तो तुम्हाला रत्नांच्या नाही तर शिंप्याच्या दुकानात नेणार. त्याच्याशी वाद नको, सरळ गेटपर्यंत चालत जा आणि तिथं बघा. टुकटुकमध्ये बसायच्या आधी भाडं ठरवा, बसल्यावर ठरवू म्हणालात की संपलं.

स्कूटर भाड्यानं घ्यायची तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट पाहिजे, सोलापूरच्या आरटीओतून मिळतं, परिवहनच्या साईटवरून अर्ज, फी १,००० रुपये, एक वर्ष चालतं, आणि त्याच्यात दुचाकीचा शिक्का आहे का बघा. गाडी डावीकडूनच चालते, ते सोपं आहे. हेल्मेट दोघांनाही, ट्रिपल सीट नाही. परमिटशिवाय अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्स हात वर करतो आणि हॉस्पिटलचं बिल खिशातून. पासपोर्ट गहाण ठेवायला मागितला तर ते दुकान सोडा, झेरॉक्स आणि डिपॉझिट द्या. जेट स्कीचंही तसंच, घ्यायच्या आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, जुना ओरखडा तुमच्या नावावर टाकायची तिथं जुनी पद्धत आहे.

एप्रिलमध्ये १३ ते १५ ला सोंगक्रान, त्यांचं नवीन वर्ष, रस्त्यावर पाण्याची धुळवड असते. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि भिक्खू, म्हातारी माणसं, दुचाकीवाले ह्यांच्यावर पाणी नाही. बुद्धाच्या मोठ्या सणांना, जसं विशाखा पौर्णिमा म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, दुकानात दारू मिळत नाही, ग्रुपवाल्यांनी कॅलेंडर बघूनच जावं.

गांजाची दुकानं दिव्यांच्या पाट्या लावून बसलेली दिसतील. २०२२ मध्ये मोकळीक दिली होती, जून २०२५ मध्ये ती आवळली आणि आता डॉक्टरच्या चिठ्ठीचा नियम आहे. तुम्ही त्या वाटेला जाऊच नका, आणि त्यातलं काही, बिस्किट, गोळी, तेल, चुकूनही बॅगेत टाकून भारतात आणू नका. इथं अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आहे.

नंबर लिहून ठेवा: टुरिस्ट पोलिस ११५५, तिथं इंग्रजी बोलणारे असतात, अॅम्ब्युलन्स १६६९, साधे पोलिस १९१. भारतीय दूतावास बँकॉकमध्ये सुखुमवित सोई २३ ला आहे. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, मग तिथं.

परत येताना

खरेदी मोठी केली असेल तर एका दुकानात एका दिवसात कमीत कमी २,००० बाटच्या खरेदीवर व्हॅट परत मिळतो, पण दुकानातूनच पिवळा फॉर्म घ्यावा लागतो आणि वस्तू बॅगेसकट कस्टम्सला दाखवून शिक्का घ्यायचा, तोही सामान चेक-इन करायच्या आधी. सामान आत गेल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

शेवटचं आणि हे घरातल्या तरुण पोरांना मुद्दाम वाचून दाखवा. बँकॉकच्या एअरपोर्टवर किंवा हॉटेलात कोणी मराठी-हिंदी बोलणारा, अगदी आपल्या गावाकडचा निघालेला माणूस, माझं सामान जास्त झालंय, एवढी एक पिशवी मुंबईपर्यंत न्या, बाहेर माझा भाऊ घेईल, फिरायचा खर्च देतो असं म्हणाला तर नाही म्हणायचं. बँकॉकहून येणाऱ्या विमानांतून गांजा आणणारे मुंबईत सारखे पकडले जातात, आणि बॅग ज्याच्या हातात तो आरोपी. नाही म्हणा, तिथून उठून काउंटरजवळ गर्दीत जाऊन बसा, आणि स्वतःच्या बॅगेला कुलूप लावलेलं आहे का ते परत एकदा बघा.